अन्नसुरक्षा पर्यवेक्षक (उपाहारगृहे)

हॉटेल, खानावळ, कॅन्टीन किंवा केटरिंगच्या स्वयंपाकघरात अन्न नीट हाताळले जाते की नाही यावर लक्ष ठेवणारी, त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालेली व्यक्ती. भारतात हे प्रशिक्षण भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, ‘फॉस्टॅक’ योजनेतून २०१७ पासून दिले जाते. राज्य किंवा केंद्रीय परवाना असलेल्या अन्नव्यवसायात अन्न हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे किमान एक प्रमाणित पर्यवेक्षक हवा, असा प्राधिकरणाचा दंडक आहे. २६ माणसे असली तर दोन पर्यवेक्षक लागतात. बाकीच्यांना शिकवण्याचे काम याच पर्यवेक्षकाने करायचे असते.

१९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा मुख्यतः मालाकडे बघत असे: दुधात पाणी, तिखटात रंग, तेलात दुसरे तेल. नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा, खटला भरायचा. भटारखान्यातल्या माणसाचे हात, त्याची प्रकृती, त्याचे फडके याकडे लक्ष कमीच होते. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने हा रोख बदलला. ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झालेल्या परवाना व नोंदणी नियमांच्या अनुसूची ४ मध्ये स्वच्छतेचे नियम आहेत आणि तिचा भाग ५ खास हॉटेल व केटरिंगसाठी आहे. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. तपासणीत त्रुटी आढळल्यास आधी सुधारणा नोटीस देता येते. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्यास कलम ५६ नुसार १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रशिक्षणाचा गाभा तापमान हा आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम पदार्थ ६० च्या वर, थंड पदार्थ ५ च्या खाली ठेवायचे आणि उरलेले अन्न पुन्हा गरम करताना त्याचा मध्यभाग ७५ अंशांपर्यंत न्यायचा. नियम सोपा वाटतो, पण भाताचे उदाहरण घेतले की त्यातली मेख कळते. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातले त्याचे सुप्त रूप, भात शिजतानाही मरत नाहीत. रात्रीचा भात पातेल्यात झाकून ओट्यावरच राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. सकाळी तोच भात फ्राइड राइससाठी रणरणत्या कढईत परतला तरी ते विष नष्ट होत नाही, आणि खाणाऱ्याला काही तासांत उलट्या सुरू होतात. ‘चांगला गरम केला होता’ हे वस्तादाचे, म्हणजे मुख्य आचाऱ्याचे, म्हणणे खरेच असते, पण चूक आदल्या रात्री झालेली असते. भात पसरट परातीत पातळ थराने पसरून लवकर निववायचा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा, एवढाच त्यावर उपाय आहे. मटणाच्या रश्श्याच्या मोठ्या डेगेची गोष्ट याच जातीची. ती वरून निवलेली दिसते, पण आतला रस्सा तासन्‌तास कोमट राहतो आणि खोलवर प्राणवायू नसल्याने क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूला तिथे चांगलेच फावते.

दुसरा भाग हातांचा. विळी-सुरीने कापलेल्या बोटात स्टॅफिलोकॉकस जंतू असू शकतो आणि त्याचे विषही उकळून जात नाही. म्हणून जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी आणि वर हातमोजा हवा. कच्चे चिकन आणि कोशिंबीर एकाच पाटावर कापायची नाही. टेबल, ताट आणि हात एकाच फडक्याने पुसायचे नाहीत. तळणीच्या तेलासाठी १ जुलै २०१८ पासून मर्यादा आहे: तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल स्वयंपाकातून बाद.

अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, विषमज्वर (टायफॉइड) गटातील रोगांविरुद्ध लस आणि या सगळ्याची नोंद, हेही नियमांत आहे. धडधाकट दिसणारा माणूसही रोग पसरवू शकतो, हे मेरी मॅलन या न्यूयॉर्कच्या स्वयंपाकिणीमुळे जगाला ठळकपणे कळले. १९०७ मध्ये ती विषमज्वराची वाहक असल्याचे सिद्ध झाले. पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० मध्ये तिची सुटका झाली. पण कपडे धुण्याच्या कामात पैसे कमी मिळत, म्हणून नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकघरात शिरली आणि १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात सापडली. १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिला न्यूयॉर्कच्या एका बेटावर वेगळे ठेवण्यात आले.

तिच्या कथेत आजच्या व्यवस्थेचीही खरी अडचण आहे. जुलाब, ताप किंवा कावीळ असलेल्याने अन्नाला हात लावू नये, असे प्रशिक्षणात सांगतात. पण खाडा झाला की पगार कापला जाणार असेल, तर भांडी धुणारा मोरीवाला किंवा वाढपी आजार सांगणार नाही. गोळी घेऊन तो कामावर येईल. आजारपणाची भरपगारी रजा हा अन्नसुरक्षेचाच भाग मानला पाहिजे. तिच्याशिवाय हा नियम कागदावरच राहतो.

प्रमाणपत्र दोन वर्षे वैध असते आणि ते व्यक्तीच्या नावे असते, हॉटेलच्या नव्हे. ज्याच्या नावाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावले आहे, तो माणूस सहा महिन्यांपूर्वीच दुसरीकडे गेलेला असू शकतो. हॉटेलच्या धंद्यात माणसे टिकत नाहीत, हे मालकही जाणतात. शिवाय मॅनेजरला पर्यवेक्षक करून मोकळे होण्याची सवय आहे. खरे तर हे प्रशिक्षण भात उपसणाऱ्याला मिळायला हवे, आणि तेही त्याच्या भाषेत. मुंबई-पुण्याच्या भटारखान्यांत कन्नड, उडिया, भोजपुरी, नेपाळी अशा भाषा कानावर पडतात, तिथे केवळ इंग्रजी तक्ता लावून काही साधत नाही.

हातगाडीवाले आणि छोटे खानावळवाले बहुधा परवान्याऐवजी नोंदणीच्या गटात येतात. त्यांना पर्यवेक्षकाची ही अट लागू नाही, पण अनुसूची ४ चा भाग १, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीचे स्वच्छतेचे नियम, लागू आहे. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी फॉस्टॅकमध्ये वेगळा पायाभूत वर्ग आहे. ‘स्वच्छ स्ट्रीट फूड हब’ योजनेत संपूर्ण खाऊगल्लीची तपासणी करून विक्रेत्यांना प्रशिक्षण दिले जाते. २०१८ मध्ये अहमदाबादचा कांकरिया तलाव परिसर असा पहिला हब ठरला. गल्लीला एकत्र नळ, सांडपाण्याची वाट आणि कचऱ्याची सोय मिळाल्यावर प्रशिक्षणाला अर्थ येतो. पाणीच नसेल तर हात धुण्याचा धडा कोण पाळणार?

इतर देशांत पद्धती वेगवेगळ्या आहेत. दुबईत प्रत्येक आस्थापनेत प्रशिक्षित ‘प्रभारी व्यक्ती’ नेमावी लागते. सिंगापूरमध्ये अन्न हाताळणाऱ्यांना अन्नसुरक्षेचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात बहुतेक अन्न हाताळणाऱ्यांना नोकरी लागल्यापासून ३० दिवसांत प्रशिक्षण घेतल्याचे स्वतःचे कार्ड घ्यावे लागते आणि ते तीन वर्षे चालते. पूर्वी त्याचा खर्च कामगाराच्याच खिशातून जाई. २०२४ पासून प्रशिक्षणाची फी आणि त्यात जाणाऱ्या वेळेचा पगार, दोन्ही मालकाने द्यायचे असतात.