सिरॉसिसमधलं लिव्हर कॅन्सर सर्व्हिलन्स

सिरॉसिस (लिव्हर घट्ट होऊन त्यात व्रण पडणं) झालेल्या पेशंटची दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि बहुतेक ठिकाणी सोबत रक्तातलं एएफपी म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन (लिव्हर कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रथिन), एवढाच हा प्रकार. त्रास काही नसतानाच करायचा, कारण कॅन्सरची गाठ सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरची असते तेव्हा ती दुखत नाही की कावीळ आणत नाही. डॉक्टर याला स्क्रीनिंगपेक्षा सर्व्हिलन्स म्हणणं पसंत करतात, एकदा बघून सोडायचं नसतं, त्याच माणसाकडे पुन्हा पुन्हा बघायचं असतं. हेपटायटिस सी औषधांनी बरा झाला तरी सिरॉसिस असेल तर हे थांबत नाही. सिरॉसिस फार पुढे गेलेला (चाइल्ड-प्यू सी) आणि ट्रान्सप्लांटही शक्य नसेल तर मात्र सहसा करत नाहीत.

सहा महिनेच का, तर गाठ दुप्पट व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात असा अंदाज आहे. 2011 मध्ये फ्रान्स-बेल्जियममध्ये तीन महिन्यांनी करून बघितलं, बारीकसारीक ठिपके जास्त दिसले, पण पेशंट जास्त जगले असं काही झालं नाही.

याने जीव वाचतो का, यावर खरा वाद आहे. सगळे बोट दाखवतात ते शांघायच्या चाचणीकडे (निष्कर्ष 2004): 35 ते 59 वयाचे 18,816 लोक, निम्म्यांना सहामाही सोनोग्राफी नि एएफपी, आणि त्या गटात लिव्हर कॅन्सरचे मृत्यू 37% कमी, तेही तपासणीला येणाऱ्यांचं प्रमाण 60% च्या आतच असताना. पण ते लोक हेपटायटिस बी किंवा जुन्या हेपटायटिसचे, सगळे सिरॉसिसवाले नव्हेत, म्हणजे दारू किंवा फॅटी लिव्हरमुळे सिरॉसिस झालेल्याला हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. मग सिरॉसिसवाल्यांवरच नवी चाचणी का नाही? सिडनीत पेशंटना तसं विचारलं होतं (2011), नीट समजावल्यावर जवळजवळ सगळ्यांनीच (99.5%) चिठ्ठी टाकून गट ठरवायला नकार दिला. त्यामुळे उरतात ती निरीक्षणं, आणि त्यात आजार नुसता लवकर कळला म्हणून पेशंट जास्त जगल्यासारखा दिसतो, हा घोळ असतोच. तरी गाठ मिलान निकषात (ट्रान्सप्लांट कुणाला द्यायचं ते ठरवणारी मर्यादा, 1996, एकच असेल तर 5 सेंमीपर्यंत, किंवा तीनपर्यंत आणि प्रत्येक 3 सेंमीच्या आत) असताना सापडली तर ट्रान्सप्लांटचा रस्ता उघडा राहतो, त्यामुळे तपासणीच्या बाजूचं मत जास्त पटण्यासारखं आहे.

एएफपी 1963 मध्ये मॉस्कोत अबेलेव यांना लिव्हरच्या गाठी असलेल्या उंदरांत सापडलं, आणि पुढच्याच वर्षी तातारिनोव यांनी ते माणसात दाखवलं. युरोपच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी ते नियमित वापरायला सांगितलं नाही, त्याच वर्षीच्या एका एकत्रित विश्लेषणात मात्र सुरुवातीची गाठ पकडण्याचं प्रमाण नुसत्या सोनोग्राफीत 45% तर एएफपीसोबत 63% निघालं. मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅमच्या वर गेलं की पुढच्या तपासण्या करतात.

सोनोग्राफीत अडचण अशी की सिरॉसिसचं लिव्हर मुळातच खडबडीत दाणेदार दिसतं, त्यात बारीक गाठ हरवते. म्हणून उपाशीपोटी बोलावतात, डाव्या कुशीवर वळवतात, श्वास आत धरून ठेवायला सांगतात, म्हणजे छातीच्या पडद्याखाली लपलेला लिव्हरचा वरचा घुमट खाली सरकतो. सुटलेलं पोट किंवा गॅस असेल तर तेही धड दिसत नाही. 1 सेंमीखालची गाठ दिसली तर तीनेक महिन्यांत परत सोनोग्राफी, त्याहून मोठी असेल तर कॉन्ट्रास्ट देऊन सीटी किंवा एमआरआय. त्यात गाठ आधी उजळून मग फिकी पडली तर सिरॉसिसवाल्यात बायोप्सी न करताही निदान पक्कं धरतात.

भारतात लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘पुरी शिफारशी’ (2014, नाव ओडिशातल्या पुरी शहरावरून) याच सहामाही वेळापत्रकाच्या आहेत.