शाळेची मान्यता रद्द झाली तर अपील कसं करायचं? मराठवाड्यातल्या खासगी शाळांसाठी माहिती

मान्यता रद्द केल्याचा आदेश आला की संस्थाचालक आधी आमदारांकडे धावतात, मग मुंबईला मंत्रालयात. या धावपळीत अपिलाची मुदत निघून जाते आणि चांगल्या चाललेल्या शाळेची केस निव्वळ उशिरामुळे लंगडी होते. पहिलं काम शाळेच्या ऑफिसातच करायचं असतं. आदेश मिळाल्याची तारीख त्यावर टाकून सही करा आणि आवक नोंदवहीत नोंद घ्या. आदेश पोस्टानं आला असेल तर पाकीट फेकू नका. मुदत साधारणपणे आदेश मिळाल्या दिवसापासून मोजतात, आणि आदेशावरची तारीख व पोस्टाचा शिक्का यांत आठ-दहा दिवसांचा फरक सहज असतो.

मग आदेश शांतपणे वाचा. तो कोणत्या कायद्याखाली काढला, सही कुणाची आहे आणि शेवटच्या परिच्छेदात अपिलाबद्दल काय लिहिलंय, एवढं आधी बघा. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिक्षण हक्क कायदा, २००९ लागू होतो आणि मान्यता काढण्याची तरतूद त्याच्या कलम १८ मध्ये आहे. नववी-दहावीचा कारभार माध्यमिक शाळा संहितेनुसार आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे चालतो. त्यामुळे पहिली ते दहावीच्या शाळेनं आदेश नेमका कोणत्या वर्गांपुरता आहे हे तपासायला हवं. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे सरकारी अनुदान न घेणाऱ्या) शाळा अधिनियमाखाली सुरू झालेल्या शाळांना परवानगी राज्य शासनानं दिलेली असते. अशा शाळेची ती परवानगी जिल्हा परिषदेतूनच रद्द झाली असेल, तर अधिकाराचा मुद्दा अपिलात सगळ्यात वर घ्या.

अपील कोण करू शकतं

ज्या शाळेला मान्यता होती आणि ती काढून घेतली, तिला. मुळात मान्यताच न घेतलेल्या, म्हणजे दरवर्षी ज्यांची ‘अनधिकृत’ म्हणून यादी लागते, त्या शाळांसाठी हा रस्ता नाही. त्यांना नव्यानंच परवानगी मागावी लागते. शिक्षण हक्क नियमांतल्या नमुना २ मधल्या मान्यता प्रमाणपत्राची मुदत संपली आणि नूतनीकरण राहून गेलं असेल, तर तेही वेगळं प्रकरण आहे. त्यात आधी स्वघोषणापत्र, म्हणजे नमुना १, दाखल करून पोच घ्या. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांनी दर्जाचं प्रमाणपत्र पहिल्या पानालाच जोडावं, कारण २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण हक्क कायदा या शाळांना लागू होत नाही असं ठरवलं.

अपील संस्थेच्या नावानं करायचं असतं. सही अध्यक्षांची किंवा सचिवांची, आणि ती व्यक्ती धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट १ वर, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांच्या नोंदीत, असायला हवी. आपल्याकडे इथंच घोडं अडतं. संस्थेत दोन गट, विश्वस्त कायद्याच्या कलम २२ चा फेरफार अर्ज (पदाधिकारी बदलल्याची नोंद) वर्षानुवर्षं प्रलंबित, आणि दोघंही स्वतःला सचिव म्हणवून वेगवेगळी अपिलं टाकतात. अधिकारी मग कुणाचंच ऐकून घेत नाही. भांडण कितीही जुनं असो, अपील करण्याच्या एका ठरावावर दोन्ही गटांनी सह्या कराव्यात असं मी कळकळीनं सांगेन. शाळाच राहिली नाही तर भांडायचं कशासाठी?

कुठं दाखल करायचं

आदेशात अपिलीय अधिकारी लिहिला असेल तर त्यांच्याचकडे. आदेश शिक्षणाधिकाऱ्यांचा असेल आणि त्यात काहीच लिहिलेलं नसेल, तर वरचे अधिकारी म्हणून विभागीय शिक्षण उपसंचालकांकडे अपील द्या आणि त्याच दिवशी शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा. उत्तराची वाट बघत थांबू नका. मराठवाड्यात उपसंचालकांची दोन कार्यालयं आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे छत्रपती संभाजीनगर कार्यालयाकडे येतात, तर लातूर, नांदेड आणि धाराशिव लातूर कार्यालयाकडे. अपील बारनिशीत (आवक-जावक टेबलावर) द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ‘साहेबांच्या टेबलावर ठेवलंय’ या शब्दाला पुढं काही किंमत राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अपील दाखल केलं म्हणून आदेश आपोआप थांबत नाही. मान्यता काढल्यानंतरही शाळा चालू ठेवली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८(५) नुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुढं प्रत्येक दिवसाला दहा हजारांपर्यंत. म्हणून अपिलासोबत अंतरिम स्थगितीचा स्वतंत्र अर्ज जोडायचाच. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्जही लागेल आणि त्यात उशिराचं कारण तारखांसह लिहावं लागेल.

अपिलात काय लिहायचं

संस्थेची पन्नास वर्षांची वाटचाल, किती विद्यार्थी डॉक्टर झाले, हे एका परिच्छेदात आटपा. अपील जिंकतं ते मुद्देनिहाय उत्तरावर. कोरा कागद आडवा धरून चार रकाने पाडा: आदेशातली त्रुटी, त्या वेळची वस्तुस्थिती, केलेली पूर्तता, पुराव्याचं पान. समजा आदेशात ‘मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नाही’ असं लिहिलंय. मग बांधकामाचं बिल, तारीख दिसणारा फोटो आणि शाळा व्यवस्थापनाचा ठराव अशी तीन पानं त्या ओळीपुढं यायला हवीत. ‘लवकरच पूर्तता करू’ हे वाक्य कुठंच नको. काम अर्धंच झालं असेल तर जेवढं झालं तेवढंच लिहा आणि उरलेल्याची तारीख द्या.

कायद्याचा भाग छोटा असला तरी त्यात जोर आहे. शाळेला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय मान्यता काढता येत नाही, हे कलम १८ मध्येच आहे. कारणे दाखवा नोटीस आली होती का, तपासणी अहवालाची प्रत मिळाली होती का, तुमच्या खुलाशाचा आदेशात उल्लेख तरी आहे का, हे तपासा. अहवाल मिळाला नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज लगेच टाका. आदेशात न लिहिलेलं कारण नंतर मागून जोडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७७ सालच्या मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सांगितलंय.

कागदपत्रं

आदेश, नोटीस आणि तुमचा खुलासा, तिन्ही पोचेसह. मूळ मान्यता आदेश, नमुना २, यूडायस क्रमांक. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट १, अपील करण्याचा ठराव. शिक्षकांची यादी पात्रतेच्या कागदांसह, पटसंख्या, लेखापरीक्षण अहवाल. इमारतीचं स्थैर्य प्रमाणपत्र, अग्निसुरक्षेचा दाखला. सीसीटीव्हीचं बिल विसरू नका. ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयानंतर तपासणीत ते हमखास विचारतात.

जागा आणि पाणी या दोन गोष्टींवर मराठवाड्यातल्या शाळा जास्त अडकतात. सातबारा संस्थापकांच्या नावावर, संस्थेशी साधा स्टॅम्पपेपरवरचा करार, जमीन इनामी किंवा गायरान, असं चित्र ठिकठिकाणी आहे. किमान नोंदणीकृत भाडेकरार करून घ्या, आणि जमीन वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरावर बंधन असलेली, असेल तर आधी तहसीलमध्ये परवानगीचं विचारा. पाण्याचं म्हणाल तर मार्च-एप्रिलमध्ये बोअर आटतं आणि नेमकी तेव्हाच तपासणी झाली तर शेरा बसतो. टँकरची बिलं आणि पाणी तपासणीचा अहवाल जोडा. दुष्काळी गावात टँकरनं पाणी आणून मुलांना पाजणाऱ्या शाळेनं ती बिलं अभिमानानं दाखवावीत.

सुनावणीला मुख्याध्यापकांनी स्वतः जावं, मूळ कागद सोबत न्यावेत आणि उपस्थितीपत्रकावर सही करावी. तोंडी मांडलेले मुद्दे त्याच दिवशी लेखी देऊन पोच घ्यावी.

अपील फेटाळलं किंवा स्थगितीचा अर्ज पडून राहिला, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करता येते. ‘आधी अपील करा’ असं न्यायालय सहसा म्हणतं, पण नैसर्गिक न्याय डावलला असेल तर थेट याचिकाही ऐकली जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या व्हर्लपूल निकालात तसं स्पष्ट आहे.

हे सगळं चालू असताना मुलांना अडकवून ठेवू नका. आदेशात शेजारच्या कोणत्या शाळेत मुलांना घ्यायचं ते लिहिणं बंधनकारक आहे. राज्याच्या नियमांनुसार ती शाळा पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत हवी. वाडी-तांड्यावर तशी शाळा नसेल, तर किमान वर्ष संपेपर्यंत स्थगिती मागायला तो भक्कम आधार आहे. तरीही एखादा पालक दाखला मागायला आला, तर तो लगेच द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार मुख्याध्यापकांना तो रोखता येत नाही, आणि ऊसतोडीला निघालेल्या घरातल्या पोराचं वर्ष तर त्या एका कागदावर अवलंबून असतं.