उन्हाळी यादी वेगळी, संदर्भयादी वेगळी

अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलचे प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुटीत काय वाचावं याच्या याद्या देतात. तिकडे सुटी लागते तेव्हा आपल्याकडे मृग निघालेला असतो आणि एमबीएवाले परीक्षेत नाहीतर इंटर्नशिपमध्ये अडकलेले असतात. फॉरवर्ड होत होत यादी लातूर-नांदेडच्या ग्रुपवर पोचेपर्यंत तिला ‘एमबीएसाठी महत्त्वाची पुस्तकं’ असं नाव चिकटतं. घोळ इथूनच सुरू होतो.

संदर्भयादी तुम्हाला पाठ आहे. मार्केटिंगला कोटलर, फायनान्सला प्रसन्न चंद्र, रिसर्चला कोठारी. अनुक्रमणिका पाहायची, लागेल ते प्रकरण काढायचं, गणितं सोडवायची, पुस्तक मिटायचं. जुनी प्रत घेताना सालावर नजर ठेवा: कंपनी कायदा 2013 चा हवा, अप्रत्यक्ष कराचं पुस्तक 2017 च्या जीएसटीनंतरचं. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात 1956 च्या कायद्याचं पुस्तक कितीही स्वस्त मिळालं तरी ते रद्दीच. उन्हाळी पुस्तकांना आवृत्तीचं एवढं पथ्य नाही. जाडी, किंमत वगैरे फरक सोडून द्या.

अडतं ते एकाच ठिकाणी. संदर्भग्रंथात त्या विषयात बहुतेकांनी मान्य केलेलं असतं. उन्हाळी यादीतलं पुस्तक म्हणजे लेखकाचा दावा, आणि दावा तपासायचा असतो. आपली पोरं तोच सिद्धांत म्हणून उत्तरपत्रिकेत उतरवतात.

जिम कॉलिन्स यांचं ‘गुड टू ग्रेट’ (2001) घ्या. 1,435 कंपन्यांतून त्यांनी 11 निवडल्या. निकष असा की पंधरा वर्षं शेअरचा परतावा बाजाराच्या निदान तिप्पट हवा. मग या अकरांत समान काय ते शोधलं: नम्र पण हट्टी प्रमुख, आधी माणसं मग दिशा. तुलनेला त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपन्याही घेतल्या, म्हणजे काम ढिसाळ नव्हतं. तरी त्या अकरांतली गृहकर्जाच्या धंद्यातली फॅनी मे सप्टेंबर 2008 मध्ये सरकारी ताब्यात गेली आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणाऱ्या सर्किट सिटीनं नोव्हेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला.

याहून खोलवरची अडचण स्वित्झर्लंडमधल्या आयएमडी बिझनेस स्कूलचे प्राध्यापक फिल रोझेनझ्वाइग यांनी ‘द हेलो इफेक्ट’मध्ये (2007) मांडली. नफा वाढला की प्रमुख ‘ठाम’ ठरतो, नफा पडला की तोच माणूस ‘हेकट’. यश दिसल्यावर घेतलेल्या मुलाखती आणि तेव्हाच्या बातम्या यांतून गुण काढले, तर निकालच कारण म्हणून परत हाती येतो. जालन्याच्या रोलिंग मिलवर प्रोजेक्ट करताय? चालू मिलचा मालक म्हणेल, जोखीम घेतली म्हणून टिकलो. बंद मिलवाल्याकडे गेलात तर तोही म्हणेल, जोखीम घेतली म्हणूनच बुडालो. दुसऱ्याकडे गेलाच नाहीत, तर जोखीम हा यशाचा मंत्र म्हणून तुमच्या प्रोजेक्टमध्ये जाईल.

म्हणून असं पुस्तक हातात आलं की आधी मागच्या टिपा उघडा. कंपन्या कशा निवडल्या, बुडालेल्या मोजल्या का, माहिती निकालाआधीची की नंतरची, एवढं तिथेच कळतं. टिपाच नसतील तर पुस्तक खुशाल वाचा, पण पेपरात त्याचा आधार घेऊ नका.

मोठ्या नावालाही यातून सूट नाही. डॅनियल काहनेमन नोबेलवाले, ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ (2011) यादीत हमखास. पण त्यातल्या प्रायमिंगच्या (आधी नजरेस पडलेला शब्द किंवा चित्र नकळत आपलं वागणं बदलतं, या कल्पनेच्या) प्रकरणात, छोट्या नमुन्यांच्या प्रयोगांवर आपण फाजील विश्वास टाकला, हे त्यांनीच 2017 मध्ये लिहून कबूल केलं. बाकीचं पुस्तक जरूर वाचा, चौथं प्रकरण जपून.

आणि ते दहा मिनिटांत अख्खं पुस्तक सांगणारे व्हिडिओ! गाईड वाचून निदान पेपर तरी निघतो. सारांशात पुरावा आधी कापला जातो आणि घोषवाक्य तेवढं उरतं, म्हणजे तपासायला काहीच राहत नाही.

सुटीत दोनच पुस्तकं होणार असतील तर कॉलिन्स आधी आणि रोझेनझ्वाइग नंतर वाचा. उलट क्रमानं गेलात तर कॉलिन्स पुरा होणार नाही, आणि तो पुरा वाचल्याशिवाय त्याच्यावरचा आक्षेप कशावर आहे ते कळत नाही.