साखरेच्या पोत्यांखालची शस्त्रं: संशयित जहाजांच्या वादाची पार्श्वभूमी

शस्त्रबंदी मोडल्याच्या संशयावरून जहाज अडवलं, की बातमीत दोनच गोष्टी ठळक येतात: कुणी अडवलं आणि आत काय सापडलं. परराष्ट्र खाती मात्र महिनोन्‌महिने भलत्याच मुद्द्यांवर भांडत बसतात. जहाज तेव्हा बंदरात होतं की खुल्या समुद्रात? झेंडा कुणाचा होता? माल विकला होता, की नुसता पाठवला होता?

सोलापूरच्या वाचकाला या इतिहासातली एक गोष्ट लगेच जाणवेल, ती म्हणजे साखर. उत्तर कोरियाच्या जहाजांच्या तीन गाजलेल्या प्रकरणांत वर दाखवायचा माल साखरच होता. १९९९ च्या जूनअखेरीस कांडला बंदरात साखर उतरवायला आलेल्या जहाजावर ‘जलशुद्धीकरणाची यंत्रं’ म्हणून नोंदवलेल्या शंभराहून जास्त पेट्या होत्या. कस्टम्सने त्या उघडल्या तेव्हा क्षेपणास्त्रांचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्री निघाली. ऑगस्ट २००९ मध्ये लिटल अंदमानजवळ विनापरवाना नांगर टाकलेल्या जहाजाचा तटरक्षक दलाने काही तास पाठलाग केला आणि ते काकीनाड्याला नेलं. त्यात सुमारे साडेसोळा हजार टन साखर होती आणि खरोखरच नुसती साखर होती. त्याच्या दोनच महिने आधी सुरक्षा परिषदेने ठराव १८७४ करून उत्तर कोरियावरची शस्त्रबंदी आवळली होती, म्हणून तपास इतका कसून झाला.

तिसरं प्रकरण पनामाचं, जुलै २०१३ चं. नंतरचे बरेच नियम त्यातूनच घडले, म्हणून ते जरा सविस्तर पाहू. सुमारे १५५ मीटर लांबीचं, १९७७ साली बांधलेलं हे जहाज क्यूबाहून परतताना पनामा कालव्याच्या तोंडाशी अडवलं गेलं. संशय होता अमली पदार्थांचा. आत दोन लाखांहून जास्त पोती होती, वजन १० हजार टन. म्हणजे एक लाख क्विंटल. रोज पाच हजार टन ऊस गाळणारा कारखाना दहा टक्के उताऱ्याने एवढी साखर काढायला वीस दिवस घेतो. पोती पॅलेटवर नव्हती, सुटी रचलेली होती. आपल्याकडे गोदामात थप्प्या लावताना मोजणीसाठी गल्ली सोडतात. जहाजाच्या होल्डमध्ये माल हलू नये म्हणून कडेपर्यंत ठासून भरतात. त्यामुळे खाली काय आहे ते बघायचं तर वरचं सगळं उतरवण्याला पर्याय नसतो. त्यातच खलाशांनी जहाजावरच्या क्रेनच्या तारा कापून ठेवल्याचं पनामाच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. मग हमालांनी हातांनी पोती उपसली आणि तळाशी २५ कंटेनर आणि सहा ट्रेलर सापडले.

क्यूबातल्या मारिएल बंदरात आधी कंटेनर चढवायचे, पुढच्या बंदरात साखर घेऊन त्यावर रचायची, म्हणजे ते दिसणार नाहीत, अशी लेखी सूचनाच कप्तानाकडे मिळाली.

क्यूबाने लगोलग माल आपलाच असल्याचं कबूल केलं. २४० टन जुनी बचावात्मक शस्त्रं: व्होल्गा आणि पेचोरा या दोन विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणा, सुट्या भागांसह नऊ क्षेपणास्त्रं, दोन मिग-२१ विमानं आणि त्यांची १५ इंजिनं. दुरुस्त करून परत आणायची होती, असा खुलासा झाला. खरा पेच इथून सुरू होतो.

२००६ च्या ठराव १७१८ ने उत्तर कोरियाला शस्त्रांचा ‘पुरवठा, विक्री किंवा हस्तांतर’ करण्यास बंदी घातली होती. क्यूबाच्या बाजूने युक्तिवाद असा, की मालकी आमचीच राहिली, मग हस्तांतर कसलं? यंत्रमागाची मोटर रिवायंडिंगला टाकली म्हणून ती दुकानदाराची होत नाही. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. ठरावाच्या त्या कलमात ‘दुरुस्ती’ हा शब्द खरोखरच नव्हता. पण त्याच ठरावाच्या पुढच्या उपकलमात शस्त्रांच्या ‘देखभाली’शी संबंधित सेवा उत्तर कोरियाकडून घेण्यावर बंदी होती. म्हणजे विमान पाठवणं बंदीबाहेरचं धरलं, तरी ते दुरुस्त करून घेणं बंदीतच येत होतं. शिवाय व्यवहार इतका सरळ होता, तर दोन लाख पोत्यांचं पांघरूण कशाला? कागदावर त्या शस्त्रांचा उल्लेखही नव्हता. शब्दांच्या वादात क्यूबाला थोडी जागा होती, ती या लपवाछपवीने घालवली.

निर्बंध पाळले जातात का यावर नजर ठेवणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ गटाने मार्च २०१४ च्या अहवालात मालाची वाहतूक आणि मूळ व्यवहार, दोन्ही निर्बंधांचं उल्लंघन ठरवले. पुढे काय झालं? निर्बंध समितीत १५ सदस्य आणि निर्णय एकमताने. जुलै २०१४ मध्ये जहाज चालवणारी उत्तर कोरियाची कंपनी काळ्या यादीत गेली. क्यूबावर कसलीच कारवाई नाही. एकमताची अट असली की दुबळा पक्ष यादीत जातो आणि ज्याचे मित्र समितीत बसलेले असतात तो सुटतो. कालव्याच्या प्राधिकरणाने दहा लाख डॉलर दंड लावला होता. तोही निर्बंधांसाठी नव्हता, अघोषित धोकादायक माल कालव्यात आणल्याबद्दल होता. शेवटी सुमारे सात लाख डॉलर भरून फेब्रुवारी २०१४ मध्ये जहाज बहुतेक खलाशांसह निघून गेलं. कप्तानासह मागे ठेवलेले तिघे जूनमध्ये पनामाच्या न्यायालयात निर्दोष सुटले.

पळवाट बुजायला मार्च २०१६ उजाडलं. ठराव २२७० मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं, की दुरुस्ती, देखभाल, नूतनीकरण, चाचणी यांसाठी पाठवलेला मालही बंदीत येतो, मग मालकी किंवा ताबा बदलो वा न बदलो. उत्तर कोरियाला जाणारा-येणारा सगळा माल आपल्या हद्दीत तपासणं सर्व देशांवर बंधनकारक झालं, तेही याच ठरावाने.

‘आपल्या हद्दीत’ हे शब्द इथे महत्त्वाचे. कांडला, काकीनाडा, पनामा इथे तपासणाऱ्याच्या अधिकारावर फारसा वाद झाला नाही, कारण जहाज त्यांच्या पाण्यात होतं. खुल्या समुद्रात ज्याचा झेंडा त्याचा कायदा. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात परक्या जहाजावर चढायची कारणं मोजकी आहेत: चाचेगिरी, गुलामांचा व्यापार, बेकायदा प्रसारण, राष्ट्रीयत्व नसणं. शस्त्रं त्यात नाहीत. डिसेंबर २००२ मध्ये स्पेनच्या युद्धनौकेने झेंडा न लावलेलं जहाज अरबी समुद्रात अडवलं. सिमेंटच्या पोत्यांखाली १५ स्कड क्षेपणास्त्रं निघाली, आणि तरीही ते येमेनकडे सोडून द्यावं लागलं, कारण येमेनने ती विकत घेण्याला तेव्हा कुठलाच नियम आडवा येत नव्हता. त्याआधी १९९३ मध्ये एका चिनी जहाजाची अमेरिकेच्या संशयावरून सौदी बंदरात झडती झाली, संशयित रसायनं सापडली नाहीत, आणि अमेरिकेने माफी मागितली नाही.

लिबियावरच्या शस्त्रबंदीसाठी २०१६ मध्ये वेगळी वाट काढली गेली. झेंड्याच्या देशाकडे संमतीसाठी ‘प्रामाणिक प्रयत्न’ करा, मग तपासा, असं ठराव २२९२ म्हणतो. किती तास थांबलं म्हणजे प्रयत्न प्रामाणिक, हे तो सांगत नाही. २२ नोव्हेंबर २०२० ला युरोपीय संघाच्या मोहिमेतल्या जर्मन युद्धनौकेचे सैनिक हेलिकॉप्टरमधून तुर्की जहाजावर उतरले. युरोपचं म्हणणं, काही तास वाट पाहिली. तुर्कीचं म्हणणं, आम्ही संमती दिलीच नव्हती. तुर्कीची हरकत आल्यावर झडती अर्ध्यावर थांबली, आणि तोवर बंदी घातलेलं काही हाती लागलेलं नव्हतं.

उत्तर कोरियाबाबत आता नियम पुष्कळ आहेत, पण पाहणारे कमी झालेत. रशियाने २८ मार्च २०२४ ला नकाराधिकार वापरल्याने तज्ज्ञ गटाची मुदत ३० एप्रिलला संपली. पनामाचा अहवाल लिहिला तो गटच उरला नाही.

आपल्या जवळचं ताजं उदाहरण न्हावा-शेव्याचं. जानेवारी २०२४ मध्ये चीनहून कराचीला निघालेल्या जहाजावरून २२ हजार किलोंहून जास्त वजनाचा माल उतरवून घेतला गेला. त्यात इटालियन बनावटीचं सीएनसी यंत्र होतं, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं, शस्त्रं बनवायलाही वापरता येणारं यंत्र. पाकिस्तानने ते साधं व्यापारी लेथ असल्याचं सांगितलं. जहाजावर माल्टाचा झेंडा होता, पण जहाज बंदरात असल्याने माल्टाच्या संमतीचा प्रश्नच आला नाही.

सोलापूरहून टॉवेल, चादरी किंवा साखर बाहेर पाठवणाऱ्यांना यातली एक गोष्ट रोजच्या कामाची आहे. काळ्या यादीत गेलेल्या त्या कंपनीने पुढे बहुतेक जहाजांची नावंच बदलून टाकली. नाव बदलतं, झेंडा बदलतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात आकडी आयएमओ क्रमांक जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. तो खरा आहे का, हे कागदावर पडताळता येतं: पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा सातव्या आकड्याशी जुळला पाहिजे. पनामातल्या जहाजाचा क्रमांक ७९३७३१७. बेरीज १५७, शेवटी ७. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर घेतल्याच्या पावतीवर, जहाजाचं नाव असतं, हा क्रमांक बहुधा नसतो. तो शिपिंग एजंटकडून मागून घ्यावा लागतो, आणि माल चढण्याआधी मागितला तरच उपयोग.