नऊ नाके आणि तीन पेले

पुण्यात आमचा नऊ जणांचा एक गट आहे. महिन्यातील एका रविवारी दुपारी आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो, शहरातील मायक्रोब्रुअरींमधून, म्हणजे लहान प्रमाणावर बिअर बनवणाऱ्या जागांमधून, ग्राउलरमध्ये (बिअर घरी नेण्याच्या मोठ्या बाटलीत) भरून आणलेल्या बिअर समोर ठेवतो आणि त्या चाखून एकमेकींशी ताडून पाहतो. डूलालीने २००९ मध्ये पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू केली आणि नंतरच्या वर्षांत शहरात अशा जागा वाढत गेल्या, त्यामुळे आम्हाला ताजी आणि परस्परांहून वेगळी बिअर घराजवळ मिळू लागली. सुरुवातीच्या एका बैठकीत हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या एका वेलीच्या फुलांचा, सढळ वापर केलेली आयपीए (इंडिया पेल एल) ही बिअर पेल्यांत ओतली गेली आणि आमच्यातील सर्वांत अनुभवी मित्र पहिल्याच घोटाला ‘हापूस’ असे म्हणाला. पाच मिनिटांत आम्हा सर्वांनाच हापूस जाणवू लागला. महिन्याभराने त्याच नळावरची तीच बिअर आम्ही नाव न सांगता चाखली, पण या वेळी कोणी बोलायचे नाही, आधी कागदावर लिहायचे असे ठरले होते. नऊ कागदांपैकी दोन कागदांवर आंबा होता. बाकीच्यांवर संत्र्याची साल, पेरू, ओले गवत आणि एका कागदावर कांद्याची पात असे लिहिलेले होते.

कांद्याची पात लिहिणारा चुकला असे त्या दिवशी काहींना वाटले, परंतु तो चुकलेला नव्हता. हॉप्सच्या तेलात मायर्सीन नावाचे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते आणि ते आंब्याच्या अनेक जातींतही आढळते. त्याच हॉप्समध्ये गंधकयुक्त द्रव्यांचा एक गट असतो, जो अत्यल्प असताना पेरूसारखा किंवा पॅशनफ्रूटसारखा वाटतो आणि काही जातींच्या हॉप्समध्ये कांदा-लसणाकडे झुकतो. दोन्ही वास पेल्यात होते. कोणाच्या नाकाने कोणता वास आधी पकडला, एवढाच फरक होता.

चव म्हणून आपण जे ओळखतो त्याचा मोठा भाग नाकाचा असतो, हे या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच सांगते. (जिभेच्या टोकाला गोड आणि मागच्या बाजूला कडू असा जो नकाशा आपण शाळेत पाहिला, तो चुकीचा आहे; या सर्व चवी जिभेच्या सर्वच संवेदनशील भागांवर कळतात.) बिअरचा कडवटपणा हॉप्समधील अल्फा आम्ले उकळताना बदलून तयार झालेल्या आयसो-अल्फा आम्लांचा असतो आणि तो जिभेला कळतो, केळे, लवंग, टोस्ट, लोणी, फुले हे सारे मात्र घोट गिळल्यानंतर घशामागून वर नाकात जाणाऱ्या हवेतून कळते. म्हणूनच बिअर पारखणारे सहसा घोट थुंकून न टाकता गिळतात आणि मग नाकाने सावकाश श्वास सोडतात.

या नाकात गंधग्राहींचे, म्हणजे वास टिपणाऱ्या ग्राहींचे, सुमारे ४०० प्रकार असतात आणि त्यांची जनुके माणसागणिक बदलतात. बीटा-आयोनोन या व्हायोलेटच्या फुलासारख्या वासाचे उदाहरण फार बोलके आहे: एका गंधग्राहीच्या जनुकातील फरकामुळे काहींना तो अगदी थोडा असतानाही स्पष्ट जाणवतो, तर काहींना जवळजवळ जाणवतच नाही. सरावाने नाक तयार होते हे खरे आहे, परंतु जो ग्राही मुळातच दुबळा आहे त्याची उणीव सराव पूर्णपणे भरून काढू शकत नाही. माझ्या मते समविचारी मंडळींनी एकत्र बसून चाखण्याचे खरे शास्त्रीय मोल इथे आहे. नऊ वेगवेगळी नाके मिळून जे यंत्र तयार होते, ते कोणत्याही एका जाणकाराच्या नाकापेक्षा अधिक व्यापक असते. मात्र प्रत्येक नाकाने आपली नोंद स्वतंत्रपणे दिली पाहिजे, कारण पहिल्या शब्दाबरोबर बाकीची आठ नाके बंद झाली तर त्या यंत्रात एकच नाक उरते.

ही अडचण बिअर बनवणाऱ्यांनी फार पूर्वी ओळखली होती. डब्लिनच्या गिनेस कंपनीत १८९९ मध्ये रुजू झालेला विल्यम सीली गॉसेट हा रसायनशास्त्रज्ञ जव आणि हॉप्स यांच्या मोजक्याच नमुन्यांवरून भरवशाचा निष्कर्ष कसा काढावा या प्रश्नाशी झगडत होता. त्याचे उत्तर त्याने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले आणि आज वैद्यकापासून शेतीपर्यंत सर्वत्र वापरली जाणारी टी-चाचणी त्यातून आली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये १९४० च्या दशकात त्रिकोणी चाचणी विकसित झाली. तिच्यात चाखणाऱ्यासमोर तीन पेले येतात, दोघांत एकच बिअर असते आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला कोणता एवढेच त्याला सांगायचे असते. कोणती बिअर आवडली हे विचारायचे नाही. मला ही चाचणी तिच्या साधेपणामुळे अतिशय प्रिय आहे, कारण घरच्या टेबलावरही ती तितक्याच काटेकोरपणे करता येते.

आम्ही ती प्रथम केली ती गच्चीवर. हॉप्स भरपूर असलेली एकच पेल एल (उबदार तापमानात आंबवलेली फिकट रंगाची बिअर) काचेच्या दोन पारदर्शक बरण्यांत ओतली, एक बरणी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळली, दोन्हींची झाकणे सैल ठेवली आणि दोन्ही दुपारच्या उन्हात पंधरा मिनिटे शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही बरण्या तापल्या. प्रकाश मात्र एकीलाच मिळाला. नंतर दोन्ही बर्फाच्या पाण्यात सारख्याच थंड केल्या. गटातील एकाची बहीण स्वतः बिअर घेत नाही. तिने स्वयंपाकघरात सत्तावीस पेले भरले, प्रत्येकावर तीन अंकी आकडा लिहिला, मांडणीचे सहाही क्रम वापरले आणि चिठ्ठी स्वतःजवळ ठेवून ती खोलीबाहेर गेली. नऊपैकी सात जणांनी वेगळा पेला अचूक ओळखला.

सात म्हणजे पुरेसे आहे का, हे पाहायला थोडे गणित लागते. निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता प्रत्येकाला तीनात एक असते. नऊ जणांपैकी सात किंवा अधिक जण निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी भरते. सहा किंवा अधिक येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के, आणि पाच किंवा अधिक येण्याची शक्यता १४ टक्क्यांहून थोडी जास्त. म्हणून नऊ जणांच्या गटात सहा हा आकडा आम्ही उंबरठा मानतो. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या, किमतीत बराच फरक असलेल्या गव्हाच्या बिअरची चाचणी घेतली तेव्हा पाच जण बरोबर आले, आणि त्यापूर्वी तासभर त्या दोहोंतील फरकावर रंगलेली चर्चा आम्हाला मागे घ्यावी लागली.

उन्हातल्या बरणीत जे घडले त्याचे रसायनशास्त्र आता नीट कळलेले आहे. बिअरमध्ये रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, नैसर्गिकरीत्या असते. ते प्रकाश शोषून घेते आणि ती ऊर्जा आयसो-अल्फा आम्लांची बाजूची साखळी तोडते. तुटलेला तुकडा गंधकाला जाऊन मिळतो आणि एक थायॉल, म्हणजे उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य, तयार होते, ज्याचा वास लिटरमध्ये काही अब्जांश ग्रॅम एवढ्या प्रमाणातही जाणवतो. तपकिरी बाटली हा प्रकाश बराच अडवते, हिरवी फारसा अडवत नाही आणि पारदर्शक तर नाहीच. पाश्चात्त्य देशांत या वासाला स्कंक या दुर्गंधी फवारणाऱ्या प्राण्याचे नाव दिलेले आहे, पण आमच्यापैकी कोणी स्कंक पाहिलेला नाही. आमच्या कागदांवर त्या दिवशी ‘जळके रबर’, ‘शिळा लसूण’ आणि ‘भांग’ हे शब्द होते.

शब्दांचा हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मॉर्टेन मायलगार्ड या डॅनिश वंशाच्या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात बिअरच्या स्वादांचे एक चक्र तयार झाले, त्यात १२२ स्वाद वेगवेगळे नोंदवलेले आहेत आणि जगभरच्या ब्रुअरी ते वापरतात. ते उत्कृष्ट आहे. पण शब्द तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा त्यामागचा वास सर्वांच्या आठवणीत एकच असतो. फिकट माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या जवातून) येणाऱ्या डायमिथाइल सल्फाइडला आम्ही उकडलेल्या मक्याच्या कणसाचे पाणी म्हणतो. जुन्या झालेल्या बिअरचा तो ओल्या पुठ्ठ्याचा वास आमच्यातील एका शिक्षिकेने ‘पावसाळ्यात भिजलेल्या वह्या’ असा लिहिला आणि तेव्हापासून आम्ही सर्व जण तोच शब्दप्रयोग वापरतो. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमधील केळे आणि लवंग यांच्यासाठी तर शब्द शोधावाच लागत नाही: त्या यीस्टने बनवलेले आयसोअमिल ॲसिटेट हेच पिकल्या केळ्याच्या वासातील मुख्य द्रव्य आहे आणि लवंगेसारखा वास देणारे द्रव्य लवंगेतील युजेनॉलचे जवळचे नातेवाईक आहे.

नाव आणि माहिती चवीत किती शिरते, याचा एक प्रयोग लेनर्ड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. पबमधील लोकांना त्यांनी साधी बिअर आणि बाल्सॅमिक व्हिनेगरचे काही थेंब घातलेली बिअर दिली. ज्यांना व्हिनेगरचे काहीच सांगितले नव्हते त्यांच्यापैकी पुष्कळांना दुसरी आवडली. ज्यांना चाखण्याआधी सांगितले त्यांच्यात तिची पसंती स्पष्टपणे घटली. आणि ज्यांना चाखून झाल्यावर सांगितले त्यांचे मत न सांगितलेल्यांसारखेच राहिले. म्हणजे माहितीने केवळ मत बदलले नाही, तर चाखण्याचा अनुभवच बदलला. त्यामुळे आमच्याकडे बिअरचे नाव, किंमत आणि ब्रुअरी हे सर्व कागद गोळा झाल्यावरच सांगितले जाते.

बाकीची पथ्ये थोडक्यात सांगता येतील. प्रत्येक नमुना ६० मिलिलिटरचा आणि एका बैठकीत सहाच नमुने, कारण त्यापुढे नाक थकते आणि मद्याचा परिणाम नोंदींवर दिसू लागतो. फ्रिजमधून नुकतीच काढलेली बिअर फारसा वास सोडत नाही, म्हणून एल ८ ते १० अंशांवर येऊ द्यावी आणि सर्वांनी एकाच वेळी चाखावी. पुण्याच्या एप्रिलमध्ये पाच मिनिटांचा उशीरही फरक पाडतो. पेल्याला साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. तिखट चकणा नंतर. मधल्या वेळात साधा पाव आणि पाणी.

आणि लोण्याची गोष्ट सांगायलाच हवी. गेल्या हिवाळ्यात आम्ही एका ब्रुअरीची लागर, म्हणजे थंड तापमानात आंबवलेली बिअर, चाखली, तेव्हा नऊपैकी सहा कागदांवर ‘लोणी’ किंवा ‘ताक’ होते. हा वास डायअसेटिलचा. विरजणातील काही जिवाणू दुधातल्या सायट्रेटपासून तेच द्रव्य बनवतात आणि ताज्या लोण्याचा जो सुगंध आपल्याला घराची आठवण करून देतो, त्यात त्याचा मोठा वाटा असतो. लागरमध्ये मात्र तो दोष मानला जातो, कारण लिटरमध्ये एक दशांश मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचताच तो माल्टचा नाजूक स्वाद झाकून टाकतो. यीस्ट व्हॅलीन हे अमिनो आम्ल बनवताना अल्फा-ॲसिटोलॅक्टेट बाहेर टाकते, ते द्रवात हळूहळू डायअसेटिलमध्ये बदलते आणि पुढे तेच यीस्ट ते पुन्हा शोषून जवळजवळ चवहीन द्रव्यांत रूपांतरित करते. लागर साधारण १० ते १२ अंशांवर आंबते, आणि त्या थंडीत ही साफसफाई फार संथ चालते. म्हणून किण्वन संपत येताना तापमान १५ ते १८ अंशांपर्यंत वाढवून दोन-तीन दिवस थांबावे लागते. त्याआधीच टाकी थंड केली तर यीस्ट तळाशी बसते आणि उरलेले अल्फा-ॲसिटोलॅक्टेट नंतर ग्राउलरमध्ये लोण्याचा वास देऊ लागते.

तेथील ब्रुअरला आम्ही ते नऊ कागद नेऊन दिले. त्याने स्वतः चाखले आणि त्याला काहीच जाणवले नाही, पण त्याने कागद बाजूला ठेवले नाहीत. पुढच्या खेपेच्या टाकीतून त्याने आमच्यासमोर दोन नमुने काढले, एक बाटली सैल झाकणाने ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवली, दुसरी थंड राहू दिली आणि मग दोन्ही सारख्या तापमानावर आणून आम्हाला दिल्या. उष्णतेने लपलेले अल्फा-ॲसिटोलॅक्टेट झटपट डायअसेटिलमध्ये बदलते, त्यामुळे तापवलेल्या नमुन्यात लोणी आले तर टाकी अजून तयार नाही असे समजायचे. तापवलेल्या पेल्यावर आम्ही सात जणांनी लोणी लिहिले. त्याने टाकी आणखी तीन दिवस उबदार ठेवली आणि आम्हाला पुन्हा बोलावले. त्या दिवशी आम्ही दोन्ही पेले चाखले, न बोलता लिहिले, आणि कागद उलगडले तेव्हा त्यांवर पावाचा गर, मध, सुके गवत असे बरेच काही होते, पण लोणी एकाही कागदावर नव्हते.