हवापाणी, घर आणि काम : खानदेशातून होणाऱ्या स्थलांतराची पार्श्वभूमी

उन्हाळ्याची सुटी लागली की पुण्या-मुंबईची नातवंडे आजोळी येणार, हा खानदेशातल्या घरांचा जुना शिरस्ता होता. अलीकडे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत त्याच्या उलट घडताना दिसते. एप्रिल अर्धा सरला की आजी-आजोबाच मुलाकडे नाशिकला किंवा पिंपरी-चिंचवडला जातात आणि पहिला पाऊस पडल्यावर परततात. त्यांतले काही जण एखाद्या वर्षी परततच नाहीत. घराला कुलूप लागते, शेत बटाईने दिले जाते आणि विचारणाऱ्याला तीन उत्तरे मिळतात : इथली हवा आता सोसत नाही, मुलाने तिकडे घर घेतले, आणि इथे राहून करायचे तरी काय. ही तिन्ही कारणे आजची वाटत असली, तरी या प्रदेशाच्या इतिहासात ती निदान दोनशे वर्षांपासून एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यांपैकी पुढे कोणते आणि मागे कोणते, एवढाच क्रम काळानुसार बदलत गेला आहे.

आज जिथून माणसे बाहेर जातात, तो खानदेश बाहेरून आलेल्या माणसांनीच पुन्हा वसवलेला आहे, ही गोष्ट सहसा विसरली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत होळकरी फौजांची धामधूम, पेंढाऱ्यांची लूट आणि त्यामागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ यांनी इथली गावेच्या गावे ओस पाडली. धुळे तर १८०३ मध्ये संपूर्ण उजाड झाले होते. पुढच्या वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवायला घेतले. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल सुरू झाला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली. १८१९ मध्ये तिथे ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. ब्रिग्ज यांनी कचेऱ्या बांधण्यासाठी दूरदूरहून कारागीर आणवले, व्यापाऱ्यांना आणि इतरांना घरांसाठी कायमची बिनभाड्याची जागा दिली आणि पक्के घर बांधायला गावच्या व परगावच्या दोघांनाही उचल दिली. १८७२ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या १२,४८९ भरली. म्हणजे घराची सोय करून दिली की माणूस परमुलूख जवळ करतो, हे खानदेशाने त्या काळीच अनुभवले होते. फरक इतकाच की तेव्हा माणसे इकडे येत होती.

हवापाण्याचा हिशेबही त्या वेळी होताच. मराठीत ‘हवापाणी’ हा एकच शब्द हवामान आणि प्रकृती या दोहोंसाठी चालतो आणि नव्या गावाविषयी पहिला प्रश्न ‘पाणी मानवते का’ हाच असतो. नवापूर आणि पिंपळनेरकडचा जंगलपट्टा सुपीक होता, पाऊसही तिथे पूर्वेपेक्षा बरा होता, पण तिथल्या हिवतापाच्या धास्तीने सपाटीवरचा कुणबी तिकडे कायमचा राहायला धजत नसे. मोकळ्या रानाची, काळ्या मातीची आणि कोरड्या हवेची तापीकाठची गावे त्यामुळे आधी भरली. उष्णता तेव्हाही होती, पण तापापेक्षा ऊन बरे, असा लोकांचा साधा विचार असावा.

ऊन इतके का, याचे उत्तर जमिनीच्या ठेवणीत आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधल्या खोलगट पट्ट्यातून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी ही लांबट खोरी आहे. समुद्रावरून येणारा गार वारा इथल्या बहुतेक भागापर्यंत पोचता पोचता तापून कोरडा होतो. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे, तर पुणे साडेपाचशे मीटरच्या वर आणि नाशिक त्याहूनही थोडे उंच आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जाणे नेहमीचेच असते आणि काही वर्षी तो ४६-४७ पर्यंत चढतो. त्याच दिवसांत पुण्याचे सर्वसाधारण तापमान सहा-सात अंशांनी कमी असते. थंडीत उलट धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत खाली येतो. खानदेशाला स्वतःचे थंड हवेचे ठिकाण नाही असे नाही. सातपुड्यातले तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे. पण तिथे जाऊन राहण्यासारखे काम कधी निर्माण झाले नाही, आणि नुसत्या गारव्यासाठी कुणी बिऱ्हाड हलवत नाही.

या उन्हाशी जुळवून घेण्याचे साधन म्हणजे इथले घर होते. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सऱ्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे धाब्याचे घर दुपारी आत गार राहत असे. दरवर्षी पावसाआधी धाब्यावर नवी माती टाकून ती चोपावी लागे. संध्याकाळी धाबे शिंपून घेतले की त्यातून वाफ आणि ओल्या मातीचा वास एकदम वर येई. तो ओसरेपर्यंत जेवणे होत आणि मग गोधड्या पसरून सारे घर उघड्यावर झोपे. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतली धाबी एकमेकांना लागून होती आणि रात्री एका घरातले बोलणे तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जात असे. ही घरे गेली ती मुख्यतः लाकूड महाग झाले आणि दरवर्षी माती टाकायला माणूस मिळेना म्हणून. त्यांच्या जागी आधी पत्रे आले आणि नंतर स्लॅब. दोन्हींची देखभाल कमी, पण दोन्ही दिवसभर तापतात आणि स्लॅब तर मध्यरात्रीपर्यंत ती धग सोडत राहतो. कूलर घेतला तर त्याला वीज आणि पाणी लागते, आणि जिथे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते त्या घरात कूलरची टाकी भरायची की पिण्याचे पिंप, हा प्रश्न खराच असतो. उन्हाळा असह्य झाला असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात पारा किती चढला यासोबत घर कसे बदलले याचाही वाटा असतो, असे माझे मत आहे.

कामासाठी दूर जाण्याची सवय रेल्वेने लावली. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचली आणि तिथून एक फाटा नागपूरकडे व दुसरा जबलपूरकडे गेला. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव वधारले आणि खानदेशचा कापूस मुंबईच्या बाजारात नावाजला. कापसातून सरकी काढण्याचे कारखाने, गठाणी बांधण्याचे प्रेस आणि पुढे जळगाव, धुळे, अमळनेरच्या कापडगिरण्या उभ्या राहिल्या. प्रताप शेठ यांची अमळनेरची गिरणी १९०६ ची, आणि विप्रोची सुरुवातही १९४५ मध्ये अमळनेरच्याच वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. त्या काळात खेड्यातला माणूस तालुक्याच्या गावी जाऊन गिरणीत लागे आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी येई. आखाजीचे महत्त्व इथे मोठे. सासुरवाशिणी माहेरी येतात ते याच सणाला आणि सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या शेतगड्याचे, वर्षही आखाजीपासूनच मोजतात. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या गिरण्या एकामागून एक आजारी पडून बंद झाल्या आणि जवळच्या जवळ होणारे हे स्थलांतर थांबले.

सुरतेची वाट त्याहून जुनी आहे. मोगल काळात सुरत बंदराहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी रस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर याच पट्ट्यातून जात असे. १९०० मध्ये ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत अमळनेरशी जोडली गेली आणि नंदुरबारच्या माणसाला मुंबईपेक्षा सुरत निम्म्याहूनही कमी अंतरावर आली. १९६० मध्ये मधून राज्याची सीमा गेली, तरी लोकांच्या येण्याजाण्यात फारसा फरक पडला नाही. सुरतेचे यंत्रमाग, रंगाईच्या मिली आणि साड्यांचे बाजार वाढले तसे उधना, लिंबायत आणि डिंडोली या भागांत खानदेशी वस्त्या वाढल्या. आज तिथल्या गल्ल्यांत खानदेशची अहिराणी बोली सहज कानावर पडते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील गुजरातेतल्या नवसारीतून खासदार झाले, यावरून ही वस्ती तिथे किती रुजली आहे हे कळते. सुरतेची हवा दमट आहे आणि तिथली पहिली खोलीही बहुधा दहा बाय दहाची, पण हाताला रोज काम मिळते. सुरतेच्या बाबतीत काम हेच पहिले कारण राहिले.

नाशिक आणि पुण्याकडचा ओघ १९७२ च्या दुष्काळानंतर वाढला. त्या वर्षी दुष्काळी कामांवर खडी फोडून आणि तिथे मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढलेल्या पिढीने मुलांना शेतीत ठेवायचे नाही असे मनाशी ठरवले होते. हे मी अनेक घरांतून ऐकले आहे. त्याच काळात ओझरचा विमान कारखाना, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आणि पिंपरी, आकुर्डी, भोसरीचे कारखाने यांना आयटीआय आणि पॉलिटेक्निक झालेली मुले हवी होती. नाशिकमध्ये सिडकोने नवे नाशिक वसवताना अल्प उत्पन्न गटासाठी टप्प्याटप्प्याने घरे बांधली आणि हप्त्यांवर दिली; पिंपरी-चिंचवडला १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. ज्यांना अशी घरे मिळाली नाहीत त्यांनी भोसरी, चिखली, मोशीकडे अर्धा-अर्धा गुंठा जागा घेऊन दोन खोल्या काढल्या. त्या जागांची कागदपत्रे पुष्कळदा अपुरी असत आणि अशा वस्त्या नियमित करण्यासाठी राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करावा लागला. तरीही ती दोन खोल्यांची जागा स्वतःच्या नावावर होती आणि रात्री पंखा पुरत होता. चिंचवडच्या प्राणिसंग्रहालयाला आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. खानदेशातून आलेल्या कुटुंबाला ती पाटी पाहून बरे वाटते.

१९८३ पासून राज्यात खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये निघू लागली आणि १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. शिक्षण जवळ आले, पण त्या शिक्षणाजोगे काम त्या प्रमाणात आले नाही. जळगावात ठिबक सिंचन, प्लॅस्टिकच्या चटया, पाइप आणि डाळी यांचे उद्योग आहेत, केळीचा मोठा व्यापार आहे, आणि त्यांवर हजारो घरे चालतात. तरी दरवर्षी बाहेर पडणाऱ्या अभियंत्यांना ते पुरत नाहीत. संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्या पुण्यात एकवटल्या तेव्हा हा ओघ आणखी पक्का झाला.

घराचे कारण इथे वेगळ्या रीतीने पुढे आले आहे. लग्न जुळवताना मुलाची शेती किती, या प्रश्नाच्या आधी ‘पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का’ असे विचारले जाते. दहा-पंधरा एकर बागायत असलेल्या मुलाला स्थळे येत नाहीत आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पण पुण्यात नोकरी असलेल्या मुलाला येतात. मुलीच्या आईवडिलांना यात दोष देणे मला पटत नाही. विहिरीवरून पाणी ओढण्यात आणि मे महिन्यात पत्र्याखाली चुलीपुढे बसण्यात ज्या आईचे आयुष्य गेले, ती मुलीसाठी दुसरे काही मागणारच. मात्र त्यामुळे केळीच्या बागा विकून किंवा गहाण टाकून फ्लॅटची पहिली रक्कम भरली जाते आणि गावातली शेती सांभाळणारे हात त्याच वेळी कमी होतात.

या सगळ्यांत हवा, घर आणि काम यांची निवड करणे ज्यांच्या हाती कधीच नव्हते अशीही माणसे आहेत. नंदुरबार आणि साक्री तालुक्यांतली आदिवासी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि कोयता थांबेपर्यंत पालात राहतात. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवरात बाधित झाली. नर्मदेकाठची थंड डोंगरातली घरे सोडून त्यांतल्या अनेकांना तळोद्याच्या तापत्या सपाटीवर वसाहतींत यावे लागले. स्थलांतर म्हणजे चांगल्याकडून अधिक चांगल्याकडे जाणे, ही व्याख्या त्यांना लागू पडत नाही.

गेलेल्यांचे गावाशी नाते कानबाई या खानदेशी देवीच्या सणात दिसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते आणि रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतला जातो. तो माणूस कुठेही राहत असला तरी त्याची मूठ गावच्या परातीतच पडते, आणि रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत. गेल्या श्रावणात आमच्याकडे एकवीस नावे घेतली गेली. काकू एकेक नाव उच्चारत मूठ टाकत होत्या आणि मध्येच थांबून कोण कुठल्या गावी आहे हे आठवत होत्या. त्या एकवीस जणांपैकी सहा जण गावात राहतात. चौघे रात्रीच्या गाडीने सुरतेहून आले, तिघे नाशिकहून आले. पुण्याच्या आठ जणांपैकी दोघांना सुटी मिळाली. उरलेल्या सहांचा रोट डब्यात बांधून त्या दोघांबरोबर सोमवारी संध्याकाळी ट्रॅव्हल्सने पाठवला.