केनेडी हत्या : २६ खंड आणि एक सूची

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येवरच्या हौशी संशोधनाचा विषय निघाला की लोकांना आधी कटाचे तर्क आठवतात. माझ्या मते या संशोधनाचा खरा पाया एका अतिशय रुक्ष कामाने घातला.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये केनेडी मारले गेले. दोनच दिवसांनी संशयित ली हार्वे ऑस्वाल्डला पोलिसांच्या गराड्यात जॅक रुबीने गोळी घातली. त्यामुळे ऑस्वाल्डवर खटला चाललाच नाही, साक्षीदारांची उलटतपासणी राहून गेली. हत्येच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाने सप्टेंबर १९६४ मध्ये ८८८ पानांचा अहवाल दिला. ऑस्वाल्ड एकटाच मारेकरी, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन महिन्यांनी साक्षी आणि पुराव्यांचे २६ खंड छापून आले, पण त्यांना विषयवार सूची नव्हती. हजारो पानांत हवी ती गोष्ट शोधायची कशी?

न्यूयॉर्कमध्ये जागतिक आरोग्य संघटनेत काम करणाऱ्या सिल्व्हिया मीगर यांनी ही सूची तयार केली आणि १९६६ मध्ये ती छापून आली. आता अहवालातले विधान आणि त्यामागची साक्ष शेजारी ठेवून वाचता येऊ लागली. दोन्हींत कुठे मेळ बसत नाही, हे मीगर यांनी पुढे सविस्तर मांडले.

मेरीलँडमधले हॅरॉल्ड वाइसबर्ग पूर्वी सिनेटच्या एका समितीचे तपासनीस होते, नंतर कोंबड्या पाळत. आयोगाच्या अहवालावरचे त्यांचे पुस्तक छापायला प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी ते स्वतःच छापले. गोळ्यांच्या तुकड्यांवर एफबीआयने केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष मिळावेत म्हणून त्यांनी माहितीच्या कायद्याखाली दावा लावला आणि १९७३ मध्ये अपिलात ते हरले. मात्र १९७४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा दुरुस्त करून तपासाच्या फायली सरसकट दडवण्याची वाट अरुंद केली. त्या चर्चेत वाइसबर्ग यांच्या खटल्याचा उल्लेख झाला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी नकाराधिकार वापरला, संसदेने तो मोडून काढला. हेच फोर्ड वॉरन आयोगाचे सदस्य होते! आपल्याकडे माहिती अधिकाराचे अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणाऱ्यांना ही लढाई लगेच ओळखीची वाटेल.

या मंडळींच्या हातून चुकाही झाल्या, आणि त्या लहान नव्हत्या. न्यू ऑर्लिन्सचे सरकारी वकील जिम गॅरिसन यांनी उद्योजक क्ले शॉ यांच्यावर कटाचा खटला भरला, तेव्हा अनेक हौशी संशोधक त्यांच्या मदतीला धावले. मार्च १९६९ मध्ये ज्यूरीने तासाभराच्या आत शॉ यांना निर्दोष ठरवले. तोवर एका माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले होते. मीगर यांनी गॅरिसन यांना उघड विरोध केला होता, आणि म्हणूनच मला त्या अधिक विश्वासार्ह वाटतात.

१९७५ मध्ये हत्येचे प्रत्यक्ष चित्रण करणाऱ्या झाप्रूडर या प्रेक्षकाची २६ सेकंदांची चित्रफीत प्रथमच देशभर दूरचित्रवाणीवर दिसली आणि जनमत खवळले. पुढच्या वर्षी प्रतिनिधीगृहाने नवी चौकशी समिती नेमली. हौशी संशोधकांनी तिचे लक्ष डॅलस पोलिसांच्या बिनतारी संदेशांच्या ध्वनिमुद्रणाकडे वेधले. त्यात एकाहून अधिक ठिकाणांहून झाडलेल्या गोळ्यांचे आवाज आहेत, असे समितीच्या तज्ज्ञांना वाटले. मुख्यतः त्याच्याच आधारे १९७९ मध्ये समितीने ‘बहुधा कट होता’ असे म्हटले. ते ध्वनिमुद्रण एका मासिकासोबत पातळ तबकडीवर वाटले गेले होते. ओहायोतल्या एका ड्रमवादकाने ते पुन्हा पुन्हा ऐकले आणि हत्येनंतर सुमारे मिनिटभराने उच्चारलेले शेरीफचे शब्द त्याला नेमके ‘गोळ्यां’च्या जागी पुसटसे ऐकू आले. म्हणजे ते आवाज हत्येच्या वेळचे नव्हतेच. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने हा मुद्दा उचलून धरला. ज्या पुराव्याकडे हौशी लोकांनीच बोट दाखवले होते, त्याला सुरुंगही हौशी माणसानेच लावला. तज्ज्ञांमधला वाद पुढेही चालू राहिला.

हत्येची कागदपत्रे खुली करण्याच्या १९९२ च्या कायद्यानंतर लाखो पाने राष्ट्रीय अभिलेखागारात खुली होत गेली. वाइसबर्ग यांनी मिळवलेली कागदपत्रे मेरीलँडच्या हूड कॉलेजात आहेत, मीगर यांचीही तिथेच. वाइसबर्ग हयात असताना त्यांच्या घरी कोणीही जाऊन फायली पाहू शकत असे. ऑस्वाल्ड एकटाच होता असे मानणारेही येत, आणि त्यांच्यासाठीही कपाटे उघडीच असत.